भिशीचा हिशेब पायथनमधून गो भाषेत नेताना: एका कंपाइलरचे परीक्षण

आमच्या वीस जणांच्या भिशीचा हिशेब ठेवण्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम जेमतेम ऐंशी ओळींचा होता आणि आठ महिने तो बिनतक्रार चालला. नवव्या महिन्यात बाकीदारांची यादी काढली, तेव्हा मोठी बाकी वर यावी म्हणून लावलेल्या क्रमवारीत नऊशे रुपये बाकी असलेल्या सभासदाचे नाव दोन हजार बाकी असलेल्याच्या वर आले. फाइलमधून वाचलेली रक्कम पायथनच्या लेखी संख्या नव्हतीच, ती स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ होती. बेरीज करताना तिचे संख्येत रूपांतर करायचे मला सुचले होते, क्रमवारी लावताना मात्र राहून गेले होते. स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा २ च्या पुढचा, म्हणून नऊशे मोठे ठरले. तोवरच्या सगळ्या बाक्या चार आकडी असल्यामुळे ही चूक आठ महिने झाकलेली राहिली.

ज्या भाषेत प्रत्येक व्हेरिएबलचा (मूल्य ठेवायच्या नावाचा) टाइप, म्हणजे त्यात संख्या आहे की अक्षरे हा प्रकार, प्रोग्राम चालण्यापूर्वीच पक्का व्हावा लागतो, अशा भाषेत हा हिशेब पुन्हा लिहायचा, असे मी त्याच दिवशी ठरवले आणि गो निवडली. रॉबर्ट ग्रिझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी गूगलमध्ये २००७ साली तिची आखणी सुरू केली, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि तिची १.० आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. ती मोफत आहे, तिच्यात राखीव शब्द अवघे पंचवीस आहेत आणि तिची अधिकृत शिकवणी ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे नवशिक्याला सुरुवात करणे जड जात नाही.

गोच्या कंपाइलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाने, पहिल्याच दिवशी मला जे करायला लावले, ते मी पायथनमध्ये कधीच केले नव्हते. सभासद म्हणजे नेमके काय, हे मला आधी लिहून काढावे लागले: नाव ही स्ट्रिंग, हप्ता पूर्णांक, बाकी पूर्णांक, उचल घेतली की नाही हे बूलियन, म्हणजे फक्त हो किंवा नाही. पायथनमध्ये हीच माहिती स्वल्पविरामाने तोडलेल्या ओळीतील तिसरा तुकडा, चौथा तुकडा अशी विखुरलेली होती आणि कोणता तुकडा कशासाठी आहे, हे केवळ माझ्या डोक्यात होते. या रचनेची, म्हणजे स्ट्रक्टची, व्याख्या झाल्यावर फाइलमधून वाचलेली रक्कम मी जुन्या सवयीने तशीच बाकीच्या जागी ठेवली, तर स्ट्रिंग प्रकारचे व्हेरिएबल पूर्णांकाच्या जागी वापरता येणार नाही, असे ओळ क्रमांकासह सांगून कंपाइलरने काम तिथेच थांबवले. आठ महिने दडून राहिलेली चूक पकडायला त्याला एक सेकंदही लागला नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. फंक्शनच्या, म्हणजे एक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याच्या, आत घोषित केलेले व्हेरिएबल पुढे कुठेच वापरले नसेल, तर गो ते चूक मानते आणि प्रोग्राम कंपाइल होऊ देत नाही. शिकताना याचा त्रास होतो, कारण तपासणीसाठी घातलेली छपाईची एक ओळ बाजूला केली, की तिच्यातले व्हेरिएबल निरुपयोगी ठरते आणि सगळे काम अडते. माझ्या प्रोग्रामात मात्र याच नियमामुळे उघड झाले, की मागील महिन्याची शिल्लक मी फाइलमधून वाचत होतो, पण एकूण बेरजेत ती कधी धरतच नव्हतो. पायथनमधल्या त्या ओळी मी कितीतरी वेळा वाचल्या होत्या आणि मला ते दिसले नव्हते.

स्ट्रिंगचे पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन गोमध्ये दोन गोष्टी परत देते, एक संख्या आणि दुसरी चूक झाली असल्यास तिची माहिती, त्यामुळे रकमेच्या जागी भलतेच काही आले तर काय करायचे, याचा विचार त्याच ओळीपाशी करावा लागतो. यामुळे प्रोग्राम ऐंशी ओळींवरून दीडशेच्या घरात गेला, आणि वाढलेल्या ओळींबद्दल माझी तक्रार नाही.

आता मराठीत काम करणाऱ्याने आधी जाणून घ्यावे असे काही. माझ्या पायथन प्रोग्रामात व्हेरिएबलांची नावे ‘बाकी’ आणि ‘हप्ता’ अशी देवनागरीत होती आणि पायथनला ती चालतात. गोला ती चालत नाहीत, कारण तिच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा येऊ शकतात आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे अक्षरांत मोडत नाहीत. ‘दर’ हे नाव चालेल, ‘दंड’ चालणार नाही. मला सगळी नावे रोमन लिपीत बदलावी लागली आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. रक्कम देवनागरी अंकांत टाइप केली, तरी पायथन २००० चे दोन हजार करून देतो; गोचे तेच काम करणारे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही आणि चूक कळवते.

सभासदांच्या नावांच्या बाबतीत तर कंपाइलर काहीच बोलला नाही. पावतीवर जागा कमी असल्याने मी नावाचे पहिले दहा घटक (अक्षरे आणि काना-मात्रांसारखी चिन्हे सुटी मोजून) घेत होतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव युनिकोडच्या हिशेबाने बरोबर दहा घटकांचे आहे, म्हणून पायथनमध्ये ते पूर्ण छापले जाई. गोमध्ये त्याच पद्धतीने स्ट्रिंग कापली, की पहिले दहा बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागत असल्याने पावतीवर ‘ज्ञ’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटला. स्ट्रिंगचे आधी रूनमध्ये, म्हणजे युनिकोडच्या सुट्या घटकांत, रूपांतर करून मग कापणे, हा यावरचा उपाय आहे. तो सोपा आहे, पण तो हवा आहे हे टाइपांच्या तपासणीतून कळत नाही.

याच जातीची, पण पैशाला थेट भिडणारी चूक दंडाच्या हिशेबात झाली. उशिरा हप्ता भरणाऱ्याला दोन टक्के दंड, म्हणून मी रकमेला कंसातील ‘दोन भागिले शंभर’ने गुणले होते. पायथन ३ त्या भागाकाराचे ०.०२ करतो. गोमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच येते, म्हणजे शून्य, आणि प्रत्येक दंड शून्य रुपये होतो. सगळे टाइप जुळत असल्यामुळे कंपाइलरने हरकत घेतली नाही. जुना प्रोग्राम मी जपून ठेवला होता, मागील आठ महिन्यांचा हिशेब दोन्हींकडून काढून ओळीला ओळ ताडून पाहिला, तेव्हा कुठे हे ध्यानात आले. आधी गुणून मग शंभराने भागल्यावर दोन हजारांवर चाळीस रुपये बरोबर आले. मॅपमधल्या, म्हणजे नावावरून बाकी शोधायच्या कोष्टकातल्या, नावांचा क्रम दर वेळी बदलतो, आणि चुकीचे नाव विचारले तर पायथनसारखी चूक न दाखवता गो शून्य बाकी सांगते, हेही याच ताळ्यात सापडले.

तरीही ज्याला पहिला प्रोग्राम नीट कळून घ्यायचा आहे, त्याला मी गोची शिफारस करीन. दोन रविवार खर्चून तयार झालेली, अवघ्या काही मेगाबाइटची एकच फाइल मी आमच्या खजिनदारांना दिली, आणि पायथन किंवा दुसरे काहीही न बसवता ती त्यांच्या विंडोज लॅपटॉपवर सुरू झाली. त्यांनी पहिल्यांदा बाकीदारांची यादी काढली, तेव्हा दोन हजारवाले वर होते आणि नऊशेवाले खाली.