पॅरामोटरचं इंजिन: स्वतः खोलायचं, आरएक्सच्या मिस्त्रीकडे न्यायचं की डीलरकडे पाठवायचं?

पावसाळा लागला की कामशेत-पवना भागातल्या, पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून पॅराग्लायडरच्या विंगखाली उडणाऱ्या आम्हा पॅरामोटरवाल्यांची इंजिनं घराच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. जून ते सप्टेंबर उड्डाण नाही, म्हणजे खोलाखोली करायची ती याच चार महिन्यांत. दर वर्षी या सुमारास कोणीतरी फोन करतंच : "माझ्या मोस्टर इंजिनाचे शंभर तास होत आले. स्वतः खोलू, मिस्त्रीकडे देऊ, की डीलरकडे पाठवून मोकळा होऊ?"

मी तिन्ही करून बसलोय. सबंध इंजिनासाठी एकच वाट धरायची गरज नाही, हे मला उशिरा कळलं. टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे दुमजली घर. वरच्या मजल्यावर हेड, ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर), पिस्टन, रीड (मिश्रण आत सोडणारी पाकळ्यांची झडप), कार्बुरेटर, सायलेन्सर. तळमजल्यावर क्रँककेस आणि तिच्या पोटातला क्रँक (पिस्टनची वरखाली चाल फिरती करणारा दांडा), बेरिंगं, ऑइल सील. माझ्या मते वरचा मजला स्वतः सांभाळावा आणि तळमजल्याला हात लावू नये. मिस्त्री आणि डीलर यांची तुलनाही कामागणिक करावी, कारण एका कामात जो उस्ताद तोच दुसऱ्या कामात इंजिनाचा घात करतो.

आधी भीतीचा हिशेब

नवखा माणूस घाबरतो ते हवेत इंजिन बंद पडण्याला. डोक्यावर विंग उघडी असते, इंजिन थांबलं तर आपण साध्या पॅराग्लायडरसारखे तरंगत खाली येतो. उतरायला मोकळी जागा कायम नजरेत ठेवून उडत असाल, तर सीझ झालेला (ब्लॉकमध्ये जाम होऊन बसलेला) पिस्टन म्हणजे खिशाला चाट आणि वावरातून केलेली पायपीट, एवढंच. म्हणून तर घरी पिस्टन बदलायची हिंमत करता येते.

खरं भ्यायचं ते पाठीमागच्या पंख्याला. मिनिटाला अडीच हजारांहून जास्त फेरे मारणारा प्रोपेलर आपल्या पाठीपासून हातभर अंतरावर असतो आणि इंजिनावरून सुटलेली कुठलीही वस्तू मागे, म्हणजे थेट त्याच्यातच जाते. माझ्याच हातच्या कामात मी एकदा सायलेन्सरची स्प्रिंग बसवली आणि तिच्यातून तार ओवायची विसरलो. तिसऱ्या उड्डाणात 'टण्' आवाज आला, सगळी फ्रेम थरथरायला लागली. इंजिन बंद केलं, हरभऱ्याच्या शेतात उतरलो. प्रोपच्या एका पात्याचा टोकाकडचा तुकडा गायब होता. शेतकरीदादा जवळ येऊन म्हणाले, "पंखा फुटला व्हय?" पिस्टन, रिंग, स्क्विश (पिस्टन वर आल्यावर हेडशी उरणारी फट), सगळं मी अचूक केलं होतं. दहा पैशांची तार राहिली.

तेव्हापासून कोणाच्याही हाताचं काम मी याच कसोटीवर बघतो. मोटारसायकलवरून नट सुटला तर रस्त्यावर पडतो, पुढच्या चौकात दुसरा मिळतो. इथे तो सुटताच कामा नये. स्प्रिंगमधून सेफ्टी वायर, स्प्रिंगवर उष्णता सोसणारा सिलिकॉनचा थर, आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ (बोल्ट हलला की ती तुटलेली दिसते). या सवयी मिस्त्रीला नसतात आणि नसल्या तर त्यात त्याचा दोष नाही.

आरएक्सचा मिस्त्री : कुठे सोनं, कुठे घात

महाराष्ट्रात टू-स्ट्रोकचं ज्ञान अजून जिवंत आहे ते यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल, येझदी आणि जुन्या चेतकवाल्यांमुळे. आरएक्स १०० १९८५ साली आली, १९९६ ला बंद झाली, तरी तिला जपणारे मिस्त्री आजही प्रत्येक तालुक्याला सापडतात. ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढणारं ते इंजिन ज्यांच्या हाताखालून शेकड्यांनी गेलंय, त्यांना पिस्टनच्या घासलेल्या बाजूकडे बघून दुखणं कळतं. जाम झालेली रिंग काढणं, अडकलेला मॅग्नेट पुलरने सोडवणं, हेडमधला कापलेला आटा नवा करून देणं, या कामांत त्यांचा हात धरणारा डीलरकडेही मिळेलच असं नाही. आणि ते समोर बसवून काम करतात. मी निम्मं तिथेच शिकलो.

घात होतो तो तीन ठिकाणी.

पहिला ब्लॉकवर. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये बिडाचा स्लीव्ह असतो. घासला की रिबोअर मारायचा, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा, झालं. मोस्टर १८५ सारख्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून निकासिलचा पातळ, अतिकठीण मुलामा असतो. त्याला बोअरिंगचं हत्यार लावलं तर मुलामा गेला आणि त्याबरोबर ब्लॉकही गेला. सीझ झाल्यावर भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम सौम्य आम्लाने उतरवता येतं. खालचा मुलामा शाबूत असेल तर तोच ब्लॉक पुन्हा चालतो, उडाला असेल तर पुन्हा मुलामा चढवून आणायचा किंवा नवा घ्यायचा. मिस्त्री प्रेमाने म्हणतो, "साहेब, एक हात मारून देतो." तेव्हा ब्लॉक उचलायचा आणि घरी यायचं.

दुसरा मिश्रणावर. मोटारसायकल पूर्ण थ्रॉटलवर राहते ती काही सेकंद. पॅरामोटर मात्र टेकऑफनंतर मिनिट-दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर चढतो आणि नंतरही भाराखालीच चालतो. मिस्त्रीचा कान ॲव्हरेजला आणि पिकअपला सरावलेला असतो. तो स्क्रू आवळत नेतो, इंजिन गोड वाजायला लागतं, आणि तेच पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण चढाईत पिस्टन वितळवतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी पातळ पडतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात टाकीत तसंच ठेवलेलं पेट्रोल दिवाळीला वापरणं म्हणजे बेरिंगांना गंज आणि कार्बुरेटरच्या डायाफ्रामला, म्हणजे आतल्या पडद्याला, काळ. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं : अरुंद मापपात्रात १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून शांत ठेवायचं. तळाचा पाण्याचा थर १० वरून जितका वाढला, साधारण तितकं इथेनॉल. पेट्रोल आहे, हे गॅस पेटवलेल्या स्वयंपाकघरात करू नका.

तिसरा घात कार्बुरेटरवर, आणि इथे एक गंमत आहे. आरएक्सचा कार्बुरेटर फ्लोटचा, वाटीत पेट्रोल साठवणारा. मोस्टरचा वॉलब्रो डब्ल्यूबी-३७ डायाफ्रामचा आहे. त्यात वाटी नसते. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पंपासारखा पेट्रोल ओढतो आणि दुसरा पडदा इवल्याशा तरफेने सुईची झडप उघडतो. ती तरफ अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. आरएक्सवाला इथे चाचपडतो. पण कोकणात काजू-आंब्याच्या बागांमध्ये पावसाळाभर ग्रासकटर चालतात, त्यांचे कार्बुरेटर याच जातीचे. मला डायाफ्राम कसा बसतो, तरफ पट्टीने कशी मापायची, गेजने दाब देऊन सुई कधी उघडते ते कसं बघायचं, हे रत्नागिरीकडच्या एका ग्रासकटर दुरुस्त करणाऱ्याने दाखवलं. विमानाचं इंजिन म्हटल्यावर आधी तो हसला होता.

हे काम मात्र पुढे स्वतःच करायचं. डायाफ्रामचं किट दर हंगामाला बदलावं, तासाभराचं काम. पोलिनी या कंपनीच्या थॉर इंजिनांतलं फ्लोटच्या कार्बुरेटरचं घेतलं, तर या बाबतीत गावचा मिस्त्रीच पुरेसा ठरतो. इंजिन अजून घ्यायचं असेल तर हाही मुद्दा यादीत ठेवा.

वरचा मजला घरी

हत्यारांवर पहिला खर्च बऱ्यापैकी होतो आणि तो टाळता येत नाही : टॉर्क रेंच (लहान मापाचा, गाडीच्या चाकाचा नव्हे), फिलर गेज, व्हर्नियर, पिस्टन अडवायला मऊ दोरी, त्या इंजिनाचाच पुलर. "मी हाताने आवळतो, मला अंदाज आहे" म्हणणाऱ्याने ॲल्युमिनियमचा आटा एकदा कापून बघावा.

काम तसं अवघड नाही. ब्लॉक वर उचलायच्या आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण गजन पिनची (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनची) लॉक उडाली की ती नेमकी तिथेच जाते. काढलेली लॉक परत वापरायची नाही, नवीच. नवी बसवताना तिचं तोंड वर किंवा खाली, आडवं नको. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. नवी रिंग आधी नुसत्या ब्लॉकमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने मोजायची. हेड बसल्यावर स्क्विश बघायची : प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार पिस्टनच्या कडेपर्यंत घालायची, हाताने एक फेरा द्यायचा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. आकडे आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला दुसऱ्याचा आकडा त्याच्या इंजिनाचा असतो.

पहिल्या वेळी मला शनिवार-रविवार दोन्ही लागले, आता एक दुपार पुरते. पैसे फार वाचत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पिस्टन इटलीहूनच येतो आणि त्याची किंमत कोणीही बसवला तरी तीच. वाचते ती मजुरी आणि वाट बघणं. पदरात पडते ती ओळख. सायलेन्सरच्या ब्रॅकेटला केसाएवढी भेग पडलीय, रीडच्या पाकळीचा कोपरा उडालाय, स्टार्टरची दोरी एका जागी विरलीय, हे ज्याने इंजिन उघडंवाघडं पाहिलंय त्यालाच उड्डाणाआधी दोन मिनिटांत दिसतं.

एक काम मात्र वरच्या मजल्याचं असूनही बहुतेक जण टाळतात : दाब चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण अर्धा बार हवा भरायची आणि काटा काही मिनिटं जागेवर राहतो का ते बघायचं. उतरला तर सांध्यांवर साबणाचं पाणी. बुडबुडे ऑइल सीलपाशी आले, तर थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन चढंच का राहत होतं याचं उत्तर मिळालं. मिस्त्री ही चाचणी करत नाही. कार्बुरेटर फिरवत बसतो.

तळमजला

क्रँक प्रेसने दोन तुकड्यांत बसवलेला असतो. मधली पिन, सुईबेरिंग आणि कनेक्टिंग रॉड बदलून तो पुन्हा जोडताना दोन्ही बाजू एका रेषेत याव्या लागतात, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्यासाठी प्रेस, डायल गेज आणि तांब्याच्या हातोडीने नेमका कुठे ठोका द्यायचा याची वर्षांची सवय लागते. घरी नाही होत. आरएक्सचे क्रँक भरणारे लेथवाले आहेत आणि त्यांतले काही अप्रतिम आहेत. परीक्षा सोपी : "भरल्यावर डायलवर लावून दाखवाल का?" विचारा. जो नुसती पट्टी लावून "बरोब्बर आहे" म्हणतो, त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

बेरिंगांतही फसगत होते. दुकानात नुसता नंबर सांगितला तर त्या नंबरचं साधं बेरिंग मिळतं. नंबरामागची सी३, सी४ ही अक्षरं आतली मोकळीक सांगतात. इंजिन तापल्यावर ती मोकळीकच बेरिंगला वाचवते. जुन्या बेरिंगवरची सगळी अक्षरं, खालच्या ओळीतली बारीकसुद्धा, फोटो काढून न्या.

डीलरकडे पाठवावं ते या कामासाठी. त्याच्याकडे प्रेस असते, नेमकी बेरिंगं असतात आणि क्रँक खराब निघाला तर तयार क्रँक मागवता येतो. बिल मोठं येतं, वाट बघावी लागते. जूनमध्ये पाठवाल तर ऑक्टोबरला उडाल, ऑक्टोबरमध्ये पाठवाल तर मोसमाचा उत्तम भाग घरी बसून काढाल. पाठवण्याआधी पेट्रोल पूर्ण काढा, रस्त्याने जाणारं ट्रान्सपोर्ट धरा, आणि 'बदललेले जुने पार्ट परत हवेत' असं लिहून द्या.

ज्याला वर्षाला दहा-पंधरा तासच उडायचंय आणि हातात पाना धरायची आवडच नाही, त्याने सगळंच डीलरकडे द्यावं. प्लग, डायाफ्राम आणि सेफ्टी वायर तेवढी स्वतः शिकावी. आठवड्याला उडणाऱ्याने वरचा मजला शिकून घेतला नाही, तर मोसमातले निम्मे शनिवार कुरिअरची वाट बघण्यात जातील. आणि गावात चांगला मिस्त्री असेल तर त्याच्याशी मैत्री ठेवा, फक्त ब्लॉक त्याच्या हातात एकटा सोडू नका.

काम कोणीही करो, पहिला स्टार्ट तुमचाच. थ्रॉटल सोडल्यावर पूर्ण मागे येतोय का बघायचं, फ्रेम घट्ट खांबाला बांधायची, पंख्याच्या रेषेत कोणाला उभं राहू द्यायचं नाही, पोरांना तर अंगणातही नाही. गरम करायचं, बंद करायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, थ्रॉटल वरखाली करत पुन्हा. हेडचे नट कधी पुन्हा आवळायचे ते मॅन्युअल सांगतं. मग टॉर्च घेऊन सगळ्या रंगाच्या रेघा एकेक करून बघायच्या. एखादी रेघ तुटलेली दिसली, तर त्या दिवशी उडायचं नाही.