छत्तीस ग्रॅमचे पाकीट आणि सत्तावीस गुंठे ऊस: लव्हाळ्याच्या तणनाशकाचा हंगामभराचा अनुभव

हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे दाणेदार तणनाशक उसातल्या लव्हाळा या चिवट तणावर चालते की नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘चालते’ असे आहे. ते मी आरंभीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ जाणार नाही. पुढचा मजकूर मुख्यत्वे पाकिटाबद्दल आहे. एवढ्या कामाच्या औषधाचे पाकीट इतक्या निष्काळजीपणे का ठरवले असावे, हा प्रश्न ऑगस्टपासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

जमीन वाळवा तालुक्यातली, काळी, पाणी धरून ठेवणारी. ऊस आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, जात को ८६०३२, साडेचार फुटी सरी. जुलैच्या लागणीनंतर वाफशावर नेहमीप्रमाणे मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारले होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण बियांपासून उगवणारे माठ, घोळ आणि बारीक गवत त्याने चांगले रोखले. लव्हाळा मात्र त्याला जुमानत नाही. तो बियांवर फारसा विसंबून नसतो. जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या गाठींच्या माळा असतात आणि कोंब त्यांतून येतो. भांगलणीत, म्हणजे खुरप्याने तण काढताना, वरचा शेंडा निघतो, माळ तुटते आणि तोपर्यंत झोपलेल्या गाठींनाही फुटायला मोकळीक मिळते. म्हणून लव्हाळ्याची भांगलण जितकी नेटाने करावी तितका तो दाट येतो, हा आमच्याकडचा जुना अनुभव आहे. सत्तावीस गुंठ्यांच्या एका भांगलणीला आठ बायका दिवसभर लागतात आणि हजेरी तीनशेच्या खाली नाही. दोन भांगलणींचा हिशेब वहीत मांडल्यावर मी कृषी सेवा केंद्राची वाट धरली.

दुकानात तीन पर्याय पुढे आले. पहिला ग्लायफोसेटचा, नोझलला हूड, म्हणजे फवारा बाजूला उडू न देणारे झाकण, लावून सरीत मारायचा. ते रसायन ऊस आणि तण यांत भेद करत नाही, त्यामुळे वाऱ्याची एक झुळूक आली की उसाचे पान गेले. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. दुसरा टू-फोर-डीचा. ते मुळात रुंद पानांच्या तणांचे औषध. लव्हाळ्याचा वरचा भाग त्याने वाळतो, गाठी शाबूत राहतात. त्यातही त्याच्या एस्टर प्रकाराची वाफ दूरवर जाते आणि द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांची पाने वाकडी करते. सांगली जिल्ह्यात द्राक्षबागेच्या वाऱ्याला टू-फोर-डी मारणाऱ्याचे शेजाऱ्याशी संबंध कसे राहतात, हे येथे सांगायला नको. तिसरा पर्याय हॅलोसल्फ्युरॉनचा. तो सर्वांत महाग होता, आणि तोच घेतला.

हे औषध निवडक कसे ठरते, म्हणजे पीक सोडून तणच कसे मारते, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची तक्रार त्यावरच उभी आहे. सल्फोनिल युरिया या गटाचा शोध १९७० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीतील जॉर्ज लेव्हिट यांनी लावला. हॅलोसल्फ्युरॉन हे त्याच गटातले, जपानच्या निस्सान केमिकलचे. वनस्पतीला व्हॅलिन, ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन ही अमिनो आम्ले तयार करण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते, ते या गटाची औषधे बंद पाडतात. ते विकर उसातही असते. फरक इतकाच, की ऊस आणि मका हे औषध आपल्या पेशींत झपाट्याने मोडून टाकतात आणि लव्हाळ्याला ते जमत नाही. या गटाने आणखी एक बदल घडवला. ॲट्राझीन किंवा टू-फोर-डी हेक्टरी किलोच्या हिशेबात लागत होते, तेथे या औषधांचे काम ग्रॅमवर आले. हेक्टरी नव्वद ग्रॅम, म्हणजे एकरी छत्तीस. किलोच्या औषधात चमचाभर कमीजास्त झाले तर फारसे बिघडत नाही. ग्रॅमच्या औषधात चमचाभर म्हणजे चार-पाच गुंठ्यांचे औषध.

आता पाकीट. त्यात छत्तीस ग्रॅम असतात, बरोबर एका एकराचे, म्हणजे चाळीस गुंठ्यांचे. माहितीपत्रकावर प्रमाण हेक्टरी दिलेले, पाकीट एकरी भरलेले, सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये आणि आम्ही बोलतो गुंठ्यांत. भावाभावांत वाटण्या होऊन ज्या भागात बहुतेकांचे तुकडे एकराच्या आतले आहेत, तेथे औषध एकराच्याच मापाने विकायचे, आत मोजमापाचे काहीही द्यायचे नाही आणि माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरांत छापायचे की भिंग घेऊन बसावे लागते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली माहितीपत्रक द्यावे लागते म्हणून ते दिले जाते. कोणी वाचावे म्हणून दिले असते तर अक्षर मोठे केले असते. गणित तसे सोपे आहे: गुंठ्याला ०.९ ग्रॅम, सत्तावीस गुंठ्यांना २४.३ ग्रॅम, उरले ११.७. पाकीट हजाराच्या घरात होते, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास रुपये माझ्या हातात शिल्लक राहणार होते, आणि तेही पावसाळी हवेत दमट होऊन गोळा होणाऱ्या दाण्यांच्या रूपात.

शेजारच्या आप्पांचा तुकडा तेरा गुंठ्यांचा आहे. तेरा गुणिले ०.९ बरोबर ११.७! एखादे पाकीट दोन शेतांत इतके नेमके बसल्याचे मी तरी ऐकलेले नाही. परंतु आप्पांच्या उसात सोयाबीनचे आंतरपीक होते आणि हे औषध ऊस ओळखते, सोयाबीन ओळखत नाही. तेव्हा तो बेत तेथेच संपला. ज्यांच्या सरीत सोयाबीन किंवा दुसरे कोणतेही रुंद पानांचे आंतरपीक आहे, त्यांनी या पाकिटाकडे पाहूही नये. तणनाशक ‘उसाला सुरक्षित’ असणे आणि ‘उसाच्या शेताला सुरक्षित’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकानदाराचा सल्ला होता, “अण्णा, पंपाला अर्धा चमचा टाका, काही होत नाही.” ‘पंपाला इतके’ ही भाषा गावोगाव चालते आणि माझ्या मते निवडक तणनाशकांचे सर्वाधिक नुकसान तिनेच केले आहे. पंपाला ३.६ ग्रॅम हा आकडा पंधरा लिटरच्या दहा पंपांत एक एकर संपत असेल, तरच खरा. फवारणारा गडी झपाझप चालला आणि एका पंपात सहा गुंठे उरकले, तर गुंठ्याला ०.६ ग्रॅम पडते आणि लव्हाळा नुसता पिवळा होऊन पुन्हा हिरवा होतो. तोच गडी रेंगाळत तीन गुंठ्यांत पंप संपवू लागला, तर १.२ ग्रॅम पडते आणि उसाचीही वाढ काही दिवस थबकू शकते. दोन्ही वेळा दोष औषधाला दिला जातो. म्हणून आधी साधे पाणी भरून पंप किती गुंठ्यांत संपतो, हे पाहावे. आमचा चार गुंठ्यांत संपला, म्हणजे सत्तावीस गुंठ्यांना जवळपास सात पंप.

स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी उपयोगाचा नाही; तो विषाला लावूही नये, आणि एक ग्रॅमपेक्षा बारीक वजन तो दाखवतही नाही. मी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मागवला, तो आता केवळ शेतीच्या औषधांसाठी वेगळा ठेवला आहे. प्रत्येक पंपाला वेगळे वजन करत बसण्यापेक्षा सारे २४.३ ग्रॅम एकदाच मोजले, सातशे मिलिलिटर पाण्यात कालवले आणि दर पंपाला बाटली चांगली हलवून त्यातले शंभर मिलिलिटर घातले. हे कालवण त्याच दिवशी संपवावे लागते. सोबत औषध पानाला चिकटवणारा स्टिकर आणि पंख्यासारखा सपाट फवारा देणारे फ्लॅट फॅन नोझल. जमिनीत ओल होती, लव्हाळा तीन ते पाच पानांवर होता आणि दुपारनंतरच्या उघडिपीत फवारणी झाली.

पहिल्या आठवड्यात काही म्हणता काही दिसले नाही. दुसऱ्या आठवड्यात पिवळेपणा आला, पण लव्हाळा उभाच होता आणि सरीतून जाताना तो माझ्याकडे पाहून उभा आहे असे वाटत होते. मी दुकानात गेलो. बिल बरोबर होते, ते पक्के होते, आणि पक्के बिल मागितले तेव्हाही त्या दुकानात थोडी कुरकुर झालीच होती. दुकानदाराने आधी पंपाला दोष दिला, मग जमिनीला, मग म्हणाला की सोबत एक टॉनिक मारायला हवे होते. तणनाशकाला टॉनिक कशाला लागते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “ऊस फुटायला, अण्णा.” येथे आमचा आवाज चढला. तरीही त्याचा एक मुद्दा बरोबर होता: “हे जाळणारे औषध नाही, महिनाभर थांबा.” त्या वेळी मला ती पळवाट वाटली. हा मजकूर तेव्हाच लिहिला असता, तर ‘पैसे पाण्यात’ एवढाच लिहिला असता.

महिना पुरा होण्याच्या आत माझे मत बदलले. वाढीचा कोंब आतून तपकिरी होऊन ओढला की सहज हातात येऊ लागला आणि पाठोपाठ पाने वाळली. वाढ थांबवून मारणाऱ्या औषधाचे काम असेच दिसते. पानावर चट्टा पडत नाही, झाड आपले पुढे वाढत नाही. कुदळीने दोन-तीन ठिकाणी उकरून पाहिले, तेव्हा कोंबाला लागून असलेल्या गाठी काळपट आणि मऊ झालेल्या होत्या. उसावर मात्र काहीही परिणाम नव्हता, फुटवे नेहमीसारखेच. भांगलण केलेल्या लव्हाळ्याच्या गाठी अशा मेलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी पाकिटाबद्दलचा रागही काही काळ निवळला.

मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर दिल्यावर, मत पुन्हा थोडे खाली आले. माती उलटली तशा खोलवरच्या, फवारणीच्या वेळी न फुटलेल्या गाठी वर आल्या आणि बांधणीच्या पोटात नवा लव्हाळा दिसू लागला. ज्या गाठीला पान नव्हते तिच्यापर्यंत पानावरचे औषध पोहोचणार कसे? तेव्हा ‘लव्हाळा मुळासकट संपवा’ ही दुकानातल्या फलकावरची भाषा अर्धीच खरी आहे. तरी हा दुसरा लव्हाळा विरळ होता आणि पुढे उसाने सावली धरली तसा तो आपोआप खुरटला, कारण सावलीत त्याचा जोर टिकत नाही. दुसऱ्या फवारणीची गरज पडली नाही. हराळी आणि इतर गवतांना मात्र हे औषध हात लावत नाही, त्यामुळे बांधाच्या कडेची हराळी जशीच्या तशी आहे.

पंपाबद्दल इशारा देणे भाग आहे. ग्रॅमभर औषध गुंठ्याचे काम करते, म्हणजे टाकीत आणि नळीत राहिलेला अंशही सोयाबीनसारख्या रुंद पानांच्या कोवळ्या पिकाला बाधू शकतो. शक्य असेल तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोन-तीन वेळा टाकी, नळी आणि नोझल धुवावे, कारण हे रसायन अल्कधर्मी पाण्यात अधिक विरघळते आणि निघून जाते. आमच्यासारख्या चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत या गटाची औषधे टिकतातही जास्त. उसाचा हंगाम लांबलचक असल्याने अडचण येत नाही, पण मक्यानंतर लगेच भाजी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दरवर्षी हेच मारू नये, हेही खरे. एकाच विकरावर काम करणाऱ्या औषधाला दाद न देणारी तणे लवकर तयार होतात आणि या गटाच्या बाबतीत जगभर तसे झाले आहे.

पुण्यात सोसायटीचे लॉन सांभाळणाऱ्या मेव्हण्याने हे ऐकून उरलेल्या दाण्यांवर लगेच हक्क सांगितला. अमेरिकेत हेच रसायन लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी विकले जाते, हे त्याने वाचले होते. माझ्या पाकिटावर ऊस लिहिलेला आहे, लॉन लिहिलेले नाही, म्हणून मी ते दिले नाहीत.

पैशांपुरते बोलायचे तर पाकीट, स्टिकर आणि फवारणीची मजुरी धरून खर्च एका भांगलणीच्या आत राहिला आणि भांगलणी दोन वाचल्या. काट्याचे पैसे मी या हिशेबात धरलेले नाहीत, ते कंपनीने द्यायला हवे होते. उरलेले ११.७ ग्रॅम झाकण घट्ट लावून, मूळ पाकिटासह, कुलपाच्या पेटीत आहेत. आप्पांचे सोयाबीन कधीच निघाले आहे, पण त्यांच्या उसानेही आता सावली धरली असल्याने त्यांना ते नको आहेत. कंपनीने अठरा किंवा नऊ ग्रॅमचे पाकीट काढले आणि त्यावर ‘वीस गुंठे’, ‘दहा गुंठे’ असे मोठ्या अक्षरांत छापले, तर ग्रॅममागे थोडा जास्त भाव द्यायला मी तयार आहे. तोवर पुढच्या लागणीला हेच औषध घेईन, पण आंतरपीक नसलेला तेरा गुंठ्यांचा जोडीदार आधी ठरवून.