टेन्स मशीन, सात महिने वापरल्यानंतर

टेन्स म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं मशीन. माझं दोन चॅनेलचं (म्हणजे पट्ट्यांच्या दोन जोड्या), नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारं, साधं. जून ते डिसेंबर, रोज, जुन्या कंबरदुखीसाठी. आधीच सांगायचं तर याने दुखणं बरं होत नाही. चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर थोडा वेळ ते मागे सरतं, बस्स. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाईस या संस्थेने तर २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीला टेन्स देऊच नका असं लिहिलंय. तरी मशीन माळ्यावर गेलं नाही, कारण त्या सैल वेळेत चालणं आणि व्यायाम जमतो. पट्टे लावून नुसतं पडून राहणार असाल तर पैसे वाचवा.

यामागचा विचार १९६५ चा, वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांचा. स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडतो. ठेच लागली की आपण चोळतो, त्यातलाच प्रकार.

सेटिंग ८० ते १०० हर्ट्झ (सेकंदाला इतके झटके), पल्स म्हणजे एकेक झटका १०० मायक्रोसेकंदांचा, वेळ ३० मिनिटं. खरी चूक तीव्रतेत होते. जेमतेम गुदगुल्या झाल्या की लोक थांबतात आणि मग 'काही फरक नाही' म्हणतात. मुंग्या चांगल्या जोरदार हव्यात, दुखू मात्र नये. दहा मिनिटांत मंद वाटल्या की तीव्रतेची खुंटी जराशी पुढे. रोज तेच सेटिंग ठेवलं तर अंगाला सवय होते. म्हणून अधूनमधून लहरी बदलत राहणारा मोड, नाहीतर २ ते ४ हर्ट्झवर २० मिनिटं. त्यात स्नायू ठकठक उडतात, घाबरू नका.

पट्टे पाच बाय पाच सेंटिमीटरचे, मणक्यावर नाही, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. दोन पट्ट्यांत किमान एका पट्ट्याएवढं अंतर.

मशीनने दगा दिला नाही, दिला तो पट्ट्यांनी. नाशिकच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने कडा सुटतात, डिसेंबरच्या गारठ्यात जेल कोरडं पडतं. कड सुटली की सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. तेव्हा खुंटी वाढवू नका; मशीन बंद करा, मगच पट्टा काढा. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, जेलवर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरा, मिनिटभर थांबून लावा. मालिशचं तेल लावलेल्या पाठीवर पट्टा धरत नाही, मलम लावलं असेल तर तेच. वापर झाला की प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवायचे. एवढं करूनही एक संच वीसेक वेळा टिकतो, म्हणजे खरा खर्च इथे आहे. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारातून नवे पट्टे घेताना पिनचं माप जुळतंय का ते वायर सोबत नेऊन बघा. वायर पिनजवळच तुटते. ओढताना वायर नाही, पिन धरा. मुंग्या हळूहळू मंदावत गेल्या तर आधी बॅटरी बदलून बघा.

पेसमेकर असेल तर अजिबात नाही. गळ्यावर पुढच्या बाजूने, गरोदरपणी पोटावर वा कंबरेवर, जखमेवर, बधिर कातडीवर नाही. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि गाडी चालवताना कुणीच नाही.

पाय लुळा पडायला लागला, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटला, तर मशीन बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल.