कैरोत ११ तास होते, त्यातले अडीच तास उंटवाल्याने खाल्ले

आधीच सांगते, गिझाला (कैरोजवळ, पिरॅमिड आहेत तिथे) उंटवाले फसवतात, चढायचे वेगळे आणि उतरायचे वेगळे पैसे लावतात हे आम्ही जायच्या आधी वाचलं होतं. नवऱ्याने तर व्हिडिओ पण बघितलेले. तरी फसलो, म्हणून लिहितेय.

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. न्यू जर्सीला भावाकडे गेलो होतो, परत येताना कैरोला ११ तास मधे मिळत होते. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता त्यामुळे इजिप्तचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळाला. आईचं (वय ६८, दोन्ही गुडघे कामातून गेलेले) एकच म्हणणं, एवढ्या जवळून जातोय तर पिरॅमिडला हात लावूनच जाऊ.

सकाळी ८ ला उतरलो, बाहेर पडेपर्यंत साडेनऊ, ॲपवरून टॅक्सी केली, आणि तिथलं ट्रॅफिक बघून आपला घोडबंदर रोड परवडला असं वाटायला लागलं. गिझा जवळ आल्यावर बिल्डिंगांच्या मधून अचानक पिरॅमिडचं टोक दिसलं, आम्ही तिघं मागच्या सीटवर मोबाईल काढून काचेला चिकटलेलो, तेवढ्यात एका माणसाने बॉनेटवर थाप मारून गाडी थांबवली, ड्रायव्हरशी अरबीत काहीतरी बोलला आणि दार उघडून सरळ पुढे येऊन बसला. गळ्यात ओळखपत्र. आम्हाला वाटलं ड्रायव्हरच्या ओळखीचा असेल, ड्रायव्हरला वाटलं असेल आमचा गाईड, किंवा दोघं मिळालेले असतील, देव जाणे.

"इंडिया? अमिताभ बच्चन!" झालं, आई खूश. मग म्हणे मेन गेट आज बंद, शाळांच्या ट्रिपा आल्यात, दुसऱ्या गेटने जावं लागेल पण आत खूप चालणं आहे, मामाला जमणार नाही. (तिकडे आईला मामा म्हणतात.) आईचे गुडघे त्याने गाडीत बसल्या बसल्या हेरले होते. आणि आम्ही सारखे घड्याळ बघतोय हे पण.

गाडी गल्लीबोळातून एका तबेल्यात. तिथे लाल जास्वंदीचं सरबत, खुर्च्या, पाठीवर हात. रेट विचारला तर माणशी "फिफ्टी पाउंड", तिकीट त्यातच. नवऱ्याने मनात गुणाकार केला, इजिप्तचे ५० पौंड म्हणजे आपले शंभर पण नाहीत, माथेरानला घोडेवाला एवढ्यात लगामाला हात लावू देत नाही. बसलो. आता खरी मेख अशी की आत जायचं नुसतं तिकीटच परदेशी माणसाला ७०० पौंड होतं. उंट धरून ५० मध्ये ते कसं बसेल, हा हिशोब पहिलीतल्या पोराने केला असता, पण आम्ही व्हिडिओ बघितले उंटांचे आणि तिकिटाचा दर बघायचा राहिला.

उंट गेले ते कुंपणाच्या बाहेरून, वाळवंटात. लांबून तिन्ही पिरॅमिड दिसले, खोटं का बोलू, दृश्य अप्रतिम होतं. मधल्या, खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या टोकावर जुनं गुळगुळीत आवरण अजून शिल्लक आहे ते तिथून छान कळतं. मी म्हटलं आत कधी जायचं? तर म्हणे हेच आत. आणि मग तिथे, माणूस नाही काणूस नाही अशा जागी, पैशाची गोष्ट निघाली. फिफ्टी म्हणजे ब्रिटिश पाउंड! तिघांचे १५०. उंट बसल्याशिवाय उतरता येत नाही आणि तो बसतो मालकाच्या इशाऱ्यावर. आईने वरूनच मराठीत त्याचा उद्धार केला, उपयोग शून्य. शेवटी १२० डॉलरवर मिटलं. परत येताना पपायरसच्या (तिकडचा जुन्या पद्धतीचा, पाणवनस्पतीचा कागद) दुकानात पाऊण तास, तिथे आणखी ३० डॉलर.

दीड वाजले. संध्याकाळी ७ चं विमान. आम्ही चिडून रस्त्यावर आलो, दुसरी टॅक्सी केली आणि मीना हाऊस हॉटेलजवळच्या तिकीट खिडकीवर गेलो. गेट व्यवस्थित उघडं! तिथे कॅश घेतच नाहीत, कार्डच लागतं, म्हणजे कोणी रस्त्यात रोख पैशात तिकीट देतो म्हणाला की समजून जा. तिकीट सरकारी साईटवर आधीच काढता येतं. आता फयूम रोडच्या बाजूने नवीन प्रवेशद्वार पण झालंय, तेव्हा जायच्या आधी कुठलं गेट ते बघून ठेवा, टॅक्सीची दारं आतून लॉक करा, आणि कोणी थांबवलं तर ड्रायव्हरला थांबू नको म्हणून स्पष्ट सांगा. तो चिडला तर चिडू दे.

खुफूच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या पिरॅमिडपाशी आम्हाला मोजून ३५ मिनिटं मिळाली. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम, एकेक दगड आईच्या छातीएवढा. आत जायचं वेगळं तिकीट असतं, ते राहिलंच, स्फिंक्स गाडीतून दिसला तेवढाच. आईने दगडाला हात लावला, नमस्कार केला, आणि म्हणाली, चला, विमान चुकेल.

तो पपायरस घरी येऊन ट्यूबलाइटसमोर धरला. खऱ्यात उभ्या-आडव्या पट्ट्या दिसतात म्हणे आणि तो लवतो, आमचा दुमडल्या जागी कडकन मोडला. आईने तो स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांखाली अंथरलाय, तेलाचे डाग पडलेत.