ऑइल नेमकं कुठून गळतंय? यूव्ही डाय की पांढरी पावडर

जुनी गाडी म्हटली की थोडं ऑइल टपकणारच, हे वाक्य ऐकून ज्यांचे कान किटलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडीखाली पुठ्ठा टाकून झालाय, डाग पुढे पडतो की मागे ते कळलंय, डिपस्टिकवरची पातळी हळूहळू उतरतेय हेही दिसतंय. आता उरलाय एकच प्रश्न: सुरुवात नेमकी कुठून होतेय? गॅरेजच्या खर्चात न पडता घरी शोधायचं तर दोन मार्ग आहेत. एक, ऑइलमध्ये चमकणारा यूव्ही डाय टाकून निळसर-जांभळ्या दिव्याखाली बघायचं. दोन, इंजिन धुऊन त्यावर पांढरी पावडर बसवायची आणि ती कुठे भिजते ते बघायचं. मी दोन्ही एकाच गाडीवर करून पाहिलेत. गाडी अँबॅसिडर मार्क टू, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून उत्तरपाड्याला बनलेली, १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाची. पद्मिनीवाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, सगळं नाही.

या इंजिनाचा स्वभाव आधी सांगायला हवा, कारण निवड त्यावरच ठरते. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी लिपचं सील नाही. तिथे उलट्या आट्यांची खाच कोरलेली असते आणि फिरताना ती ऑइल परत आत ढकलते. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी उरत नाही, त्यामुळे उतारावर उभ्या गाडीखाली एखादा थेंब पडला तर तो दोष धरू नये. डावीकडे, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या) मागे, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची, दोन साइड कव्हरं आहेत. दोन्हींना कॉर्कचं गॅस्केट आणि मधोमध एकेक बोल्ट. पुढच्या कव्हरातूनच ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप निघतो आणि खाली रस्त्याच्या दिशेने उघडा सुटतो. तो तुंबला असेल तर आतला दाब वाढतो आणि एरवी कोरडा राहणारा प्रत्येक जोड घाम गाळायला लागतो. म्हणून डाय आणायच्या किंवा पावडर लावायच्याही आधी तो पाइप काढून साफ करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता डाय. करायला हा प्रकार फार सुटसुटीत आहे, यात वाद नाही. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ऑइलमध्ये ओतायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, रात्री बॉनेट उघडून दिवा मारायचा. दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५चा स्वस्त मिळतो, पण तो स्वतःच इतका जांभळा उजेड पाडतो की फिकट चमक त्यात बुडून जाते. सोबतचा पिवळा चष्मा घातलेला बरा. फार हळू गळणाऱ्या, फक्त हायवेवर इंजिन तापल्यावरच वाहणाऱ्या गळतीसाठी डायला तोड नाही असं म्हणतात, आणि ते खरं असावं. इंजिन आधी लख्ख धुतलं नाही तरी काम होतं, कारण जुन्या साचलेल्या चिकट थरात डाय नसतो. जे पिवळं-हिरवं पेटतं ते ताजं. गाडी रोजच्या वापरात असेल आणि ती धूत बसायला रविवार मोकळा नसेल, तर हा फायदा छोटा नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. हिरव्या कूलंटमध्येही बहुधा चमकणारा रंग असतो. वॉटर पंपाखाली हिरवं पेटलं की लगेच गॅस्केट मागवायला धावू नका.

इथवर डायचं पारडं जड वाटेल. माझ्यासाठी ते हलकं झालं ते त्या उघड्या ब्रीदरमुळे.

इंजिन थोडं जरी वापरलेलं असलं, पिस्टनच्या रिंगा जरा जरी झिजलेल्या असल्या, तर ब्रीदरमधून ऑइलचं धुकं येतच राहतं. डाय ऑइलमध्ये विरघळलेला, म्हणजे त्या धुक्यातही तोच. ते धुकं पाइपच्या तोंडाशी, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बाजूला, क्रॉसमेंबरवर बसतं. चालत्या गाडीचा वारा ते मागे रेटतो आणि बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचवरचं आवरण), गिअरबॉक्सचा पोटाकडचा भाग, क्लचच्या जोडण्या, सगळ्यावर त्याची सर पडते. दिवा लावला तर गाडीचं सगळं पोटच उजळून निघतं. कुठे दाट, कुठे विरळ, पण कोरडं असं काही नाहीच. आता यातून गळतीचं मूळ शोधा! दिसतं ते खोटं नसतं, ऑइल खरोखरच तिथे पोचलेलं असतं. पण मला ऑइल कुठे पोचलं ते नको होतं, कुठून निघालं ते हवं होतं.

त्यातून पुढची कटकट वेगळीच. डाय एकदा ओतला की ऑइल बदलेपर्यंत तो आतच. म्हणजे एक जोड दुरुस्त केला, पुन्हा तपासायचं ठरवलं, की आधी पुसलेलं सगळं खरंच पुसलंय का याची खात्री करा. बोटांना, चिंधीला, दिव्याच्या मुठीला डाय लागलेला असतो आणि जिथे हात लावाल तिथे नवी ‘गळती’ पेटते. रॉकर कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यात मला एक झकास चमक दिसली होती. ती माझ्या अंगठ्याची होती. शिवाय अंधार हवा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर ट्यूबलाइट जळतात. गाडीवर ताडपत्री टाकून आत जांभळा दिवा घेऊन बसलेल्या माणसाकडे रखवालदार कोणत्या नजरेने बघतो, ते वेगळं सांगायला नको.

पावडरचं काम याच्या बरोबर उलट. तयारी त्रासदायक, निकाल सरळ. इंजिन खरोखर स्वच्छ करावं लागतं, वरवर पुसून भागत नाही. डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधा, कार्बोरेटरचं तोंड झाका, डिझेल आणि ब्रशने साइड कव्हरांच्या कडा, चेंबरची फ्लँज (जोडाची कड), टायमिंग कव्हरचा खालचा भाग घासा. मग साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळवणं. शेवटचा हात ब्रेक क्लीनरने मारा, कारण डिझेलचा पातळ थर मागे राहिला तर पावडर त्यानेच भिजते आणि नसलेली गळती दिसायला लागते. हे सगळं कंटाळवाणं आहे, ते लपवत नाही. गाडी नीट घोडीवर चढवायची, खाली सरकायचं, मॅनिफोल्डच्या मागे हात घालून सालपटं काढून घ्यायची. ज्यांची कंबर कुरकुरते त्यांनी विचार करावा.

साधी टाल्कम पावडर भुरभुरून चालते असं सगळे सांगतात. बसून राहिलेल्या इंजिनावर ती चालतेही. पण अँबॅसिडरचा पंखा पट्ट्यावर, इंजिन चालू की तो चालू. स्टार्टर मारल्या क्षणी निम्मी पावडर उडून जाते आणि उरलेली नाकात. यावर चांगला उपाय फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत सापडतो. वेल्डिंगमधल्या बारीक चिरा शोधायला डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करतात, त्या संचात लाल पेनिट्रंट, क्लीनर आणि डेव्हलपर असे तीन डबे असतात. त्यातला फक्त डेव्हलपर घ्यायचा. तो पांढऱ्या पावडरचा स्प्रेच आहे, द्रावणातून फवारला जातो आणि वाळला की चुन्याच्या पातळ हातासारखा चिकटून बसतो. पंख्याच्या वाऱ्याला दाद देत नाही. भोसरी-चिंचवडकडे औद्योगिक सामानाच्या दुकानात विचारा, सुटा डबाही मिळतो. फवारायचा मात्र थंड इंजिनावर, कारण त्यातलं द्रावण पेट घेणारं आहे. पूर्ण वाळू द्या, मगच चावी फिरवा. डिपस्टिकचं भोक आणि ब्रीदरचं तोंड सोडून फवारा, आणि तोंडाला मास्क लावा.

मग इंजिन चालू करून तापू द्यायचं, थोडी रेस द्यायची, बंद करून साध्या टॉर्चने बघायचं. आयडलवर काही दिसलं नाही तर वस्तीतच एक छोटी चक्कर मारून यायची. लांब गेलात तर वारा पुन्हा घोळ घालतो.

माझ्या गाडीत ऑइल बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाजवळून ठिबकत होतं. डायच्या उजेडात तिथे सर्वांत दाट चमक होती, आणि एका गॅरेजचा निकाल आधीच तयार होता: मागची बाजू गेली, गिअरबॉक्स उतरवा. पावडरवर वेगळंच दिसलं. मागच्या साइड कव्हरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी आडोशाला, पेन्सिलीने ओढावी तशी एक करडी रेघ निघाली होती. ती ब्लॉकवरून तिरकी खाली येऊन चेंबरच्या फ्लँजला टेकत होती. तिथून फ्लँजच्या कडेकडेने मागे सरकत बेल हाउसिंगपर्यंत. रेघेच्या वरचा सगळा भाग पांढराच्या पांढरा, म्हणजे रॉकर कव्हर निर्दोष. ऑइल प्रेशरच्या जोडाचंही तेच.

कव्हर काढल्यावर कारण कळलं. गळती थांबवायला कुणीतरी पूर्वी मधला बोल्ट जोर लावून आवळला होता. पत्रा मध्ये खोलगट झाला होता, कडा वर उचललेल्या, आणि कॉर्क मध्येच चेपून कोपऱ्यात सैल. कव्हर सपाट लाकडावर ठेवून कडा हलक्या हाताने ठोकून घेतल्या, नवा कॉर्क घातला, बोल्टखालचा वॉशर बदलला आणि बोल्ट बेताने आवळला. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर बाजूला घ्यावे लागले तेवढीच मेहनत. गिअरबॉक्स जागच्या जागी राहिला.

तरी एका ठिकाणी मी डायलाच मान देईन, नाही तर अन्याय होईल. बेल हाउसिंगच्या आत पावडर पोचत नाही. बाहेरून सगळं पांढरं राहिलं आणि तरीही तळाच्या भोकातून थेंब येतोय, तर ते ऑइल इंजिनाचं की गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचं, हे पावडर सांगू शकत नाही. इंजिन ऑइलमध्ये डाय टाका आणि तो थेंब स्वच्छ पांढऱ्या कागदावर झेला. पेटला तर इंजिनाचं, नाही पेटला तर गिअरबॉक्सचं. एवढ्या एका प्रश्नासाठी डाय फारच कामाचा. फक्त त्या भोकाभोवतीचा भाग आधी पुसून घ्या, नाही तर ब्रीदरचं धुकं तिथेही खोटी साक्ष देईल.

तिसरा एक मार्ग काही जण सुचवतात, क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक बसवलेल्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, हलकी हवा भरून जोडांवर साबणाचे बुडबुडे बघायचा. मागे लिपचं सील असलेल्या इंजिनांवर तो चांगला असेल. बी-सिरीजमध्ये त्या उघड्या आट्यांतून हवा सुटणारच, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तेव्हा ज्यांच्या गाडीत ब्रीदर बंद सर्किटचा आहे, म्हणजे धुकं परत इनटेकमध्ये जातं, त्यांनी डायपासून सुरुवात केली तर मी अडवणार नाही. पोट फार माखणार नाही आणि एक रविवार वाचेल. ब्रीदर उघडा असेल, इंजिन काही वर्षं न उघडलेलं असेल आणि गळती मागच्या बाजूची असल्याचं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी डेव्हलपरचा एक डबा आणा. साइड कव्हरच्या खालच्या कडेवर आणि बोल्टभोवती तो थोडा जास्त फवारा. आणि कॉर्क नवा घातल्यावर इंजिन दोन-तीनदा तापून थंड झालं की बोल्ट परत एकदा तपासा. कॉर्क बसतो आणि बोल्ट थोडा सैल पडतो, तेव्हा पाव आटा पुरे.