घडीची सायकल: बिजागरी, सुटे भाग आणि खर्च

घडीच्या सायकलीची खरी परीक्षा तिच्या बिजागरीवर होते. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या सायकलीत सांगाड्याचा मागचा त्रिकोणी भाग चाकासह मुख्य नळीखाली वळतो आणि सीटचा दांडा खाली सरकवला की घडी जागच्या जागी पक्की होते. घडी केल्यावर साखळी दोन्ही चाकांच्या मध्ये राहत असल्याने कपड्यांना वंगण लागत नाही. इतका बारकाईने केलेला विचार मला अजूनही थक्क करतो. हँडलचा उंच दांडा मात्र चढावर जोर लावताना किंचित लवतो, आणि त्याची सवय करून घ्यावी लागते.

रचना जितकी वेगळी, तितके सुटे भागही वेगळे. टायरवर १६ इंच एवढेच पाहून खरेदी करू नये, कारण त्या नावाखाली ३०५ आणि ३४९ मिलिमीटर अशी रिमची दोन मापे येतात व एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. लहान चाक तेवढ्याच अंतरात अधिक फेरे घेत असल्याने टायर आणि ब्रेक घासणारी रिम लवकर झिजतात. मागच्या बिजागरीतील बुश, म्हणजे सांध्याच्या खिळीभोवतीची छोटी नळी, बदलणे तर त्याहून खर्चिक ठरते. बुश स्वतः छोटेसे असले, तरी ते बसवून खास अवजाराने आतून मापात आणावे लागते, त्यामुळे मजुरीच जास्त भरते.

जुनी सायकल घेणाऱ्याने पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवावे आणि बोट बिजागरीच्या सांध्यावर ठेवावे. तिथे खटखट जाणवली, तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.