डांबरगोळीच्या वासाला तीस वर्षं जुन्या चहाचा भाव

जुन्या पुएर चहाची म्हणून घेतलेली चकती घरी येते, कागद उलगडतो आणि वर्षभर न उघडलेल्या कपाटातल्या डांबरगोळीचा दर्प नाकात शिरतो. विक्रेत्याला विचारलं की उत्तर तयार असतं: हा ‘चांगश्यांग’, म्हणजे कापराचा सुगंध, अस्सल जुन्या चहाची खूण. फसवणूक होते ती या वाक्यात. परका वास चहाला कुठेही लागू शकतो, त्यात दरवेळी कुणाची लबाडी असतेच असं नाही. पण तोच दोष वयाचा दाखला म्हणून गळ्यात मारणं ही सरळसरळ लबाडी आहे.

पुएर हा चीनच्या युन्नान प्रांतातला, मोठ्या पानांचा, उन्हात वाळवून वाफेवर दाबलेला चहा. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते. अशा सात चकत्यांची चळत बांबूच्या सोपटात बांधतात, वजन जेमतेम अडीच किलो. यातला ‘शेंग’ म्हणजे कच्चा चहा वर्षानुवर्षं मुरत जातो. ‘शोऊ’ हा पाणी शिंपडून, ढीग लावून, साधारण दीड-दोन महिने उबवून पिकवलेला. ढिगाची ही रीत १९७३ च्या सुमारास कुनमिंगला बसवली गेली. त्यामुळे कुणी ‘१९६२ चा शोऊ’ पुढे केला तर वास घेण्याचीसुद्धा गरज नाही.

पैसा आहे तो जुन्या शेंगमध्ये. नव्वदीच्या सुरुवातीच्या, कोरड्या जागी राहिलेल्या नावाजलेल्या चकतीला आज लाखांत भाव येतो. तीच चकती ‘मालकाला दुकान रिकामं करायचंय’ म्हणून पाच-सात हजारांत मिळत असेल, तर स्वस्तात लाभली असं समजू नका.

वासांची ओळख नसली की माणूस दोन्हीकडून फसतो: वाईट चहा घेऊन बसतो, नाहीतर चांगला परत करतो. नव्या शोऊला ढिगाचा वास असतो, काहीसा मासळीसारखा, ओल्या गोणपाटासारखा. तो दोन-तीन वर्षांत विरतो आणि तो दोष नव्हे. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या दमट गोदामांत राहिलेल्या चहाला मातकट, तळघराचा वास येतो. हा आवडीनिवडीचा भाग. बुरशी दिसत नसेल तर हवा दिल्यावर बराच निवळतो. काही शेंग धुरकट असतात, कारण पानं लाकडाच्या चुलीवरच्या कढईत भाजली जातात आणि धूर पानात मुरतो. हे तिन्ही वास चहाच्या स्वतःच्या घडणीतले किंवा मुक्कामातले.

रासायनिक वासांचं घराणं वेगळं. डांबरगोळी, रंगाचं थिनर, नव्या प्लायवूडचा गोंद, छपाईची शाई, प्लास्टिक. वाळलेलं चहाचं पान सच्छिद्र असतं, आसपासचं जे काही हवेत उडतं ते धरून ठेवतं. मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये ठेवून चहा सुगंधी करतात तो याच गुणावर. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन घन अवस्थेतूनच थेट हवेत उडतं. एका कपाटात महिने काढले की ते कागद ओलांडून चकतीच्या गाभ्यापर्यंत पोचतं.

जुन्या चहात कापरासारखी छटा खरोखर येऊ शकते, म्हणून तर ही थाप खपते. ढीग लावून पिकवलेल्या आणि मुरलेल्या चहात ट्रायमेथॉक्सिबेन्झीनसारखी द्रव्यं तयार होतात. जुनाट लाकडी वासात त्यांचा वाटा असतो. पण देवघरातला भीमसेनी कापूर आणि आजीच्या ट्रंकेतली डांबरगोळी यांतला फरक मराठी नाकाला शिकवावा लागत नाही. शंका असेल तर दोन छोट्या बाटल्यांत दोन्ही ठेवा आणि चहा हुंगण्याआधी एकेकदा झाकण उघडून बघा. खरी छटा गार, हलकी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर गोडव्याबरोबर घशात जाणवते. डांबरगोळी कोरड्या पानावरच, किंबहुना कागदावरच, पहिली सलामी देते.

हुंगण्याची रीत अशी. चहाच्या दाभणाने चकतीच्या कडेचा एक तुकडा आणि मध्यभागाजवळ, खोलातला दुसरा तुकडा काढा, प्रत्येकी ५ ग्रॅम. वरचा भुगा घेऊ नका. १०० मिलीचं झाकणाचं भांडं उकळत्या पाण्याने तापवा, पाणी ओता, गरम कोरड्या भांड्यात एक तुकडा टाकून मिनिटभर झाका. झाकण उघडताच पहिला श्वास जे सांगेल ते लिहून ठेवा, कारण दुसऱ्या श्वासाला नाक सरावलेलं असतं. दुसरा तुकडाही असाच बघा. कडेला दर्प आणि गाभ्यात कमी, तर वास बाहेरून लागलेला आहे. दोन्हीकडे सारखाच असला तर एक तर मुक्काम फार लांबला असेल, नाहीतर दाबण्याआधीच पानात काहीतरी गेलं असेल.

मग उकळतं पाणी घालून दहा सेकंदांत ओतून टाका. तीन-चार वेळा दहा-वीस सेकंदांचे काढे करा आणि प्रत्येक वेळी झाकणाची आतली बाजू हुंगा. गोदामाचा वास तिसऱ्या-चौथ्या पाण्याला मागे सरतो आणि चहाचा गोडवा वर येतो. रसायनाचा दर्प तसाच राहतो, कधी उष्णतेने वाढतो. घसा कोरडा पडतो, आवंढा गिळताना अडकल्यासारखं होतं, जिभेवर चुणचुण राहते. शेवटी रिकामा पेला गार होऊ द्या. गार पेल्याला गुळासारखा, जुन्या लाकडासारखा वास असेल तर ठीक. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या झाकणालाही डांबरगोळीचा वास येत असेल तर वाद संपला.

पानं थाळीत पसरून बघा. खऱ्या जुन्या शेंगचं पान तपकिरी, बोटांत लवचीक, उलगडणारं असतं. उष्ण, ओल्या खोलीत काही आठवडे कोंडून ‘म्हातारा’ केलेल्या मालातलं पान काळं, कोळशासारखं, चिमटीत न उलगडणारं निघतं. पिवळसर बुरशी ‘सोनफुलं’ म्हणून दाखवतात. ती सोनफुलं हूनान प्रांतातल्या ‘फू’ या विटेसारख्या दाबलेल्या चहाची खासियत आहे. पुएरवर पिवळं काही दिसलं तर चाखायच्या फंदात पडू नका.

कागद वासापेक्षा लवकर खोटं बोलतो आणि लवकर पकडलाही जातो. चकतीवर ७५४२ सारखा पाककृतीचा क्रमांक असतो. त्यातलं ७५ हे पाककृतीचं वर्ष, ४ पानाची प्रत आणि २ म्हणजे युन्नानमधल्या मंगहाईचा कारखाना. ‘बघा, १९७५ चा आहे’ असं म्हणणारा एकतर अडाणी किंवा तुम्हाला अडाणी समजणारा. नव्वदीच्या म्हणवलेल्या कागदावर ‘क्यूएस’ ही अन्नसुरक्षेची खूण असेल तर तो खोटा, कारण ती खूण २००० नंतरची आहे. ‘एससी’ने सुरू होणारा परवाना क्रमांक २०१५ पासूनचा. पत्त्यात ‘पुएर शहर’ असेल तर २००७ ध्यानात ठेवा: त्याआधी त्या शहराचं नाव सिमाओ होतं. चकतीत दाबलेली छोटी चिठ्ठी तीस वर्षांत चहाचा डाग पिते. ती पांढरीफटक राहून अलगद सुटून येत असेल तर ती परवाची. कागदावर ताज्या शाईचा वास आणि घडीच्या आतही एकसारखा पिवळेपणा, हा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद.

चीनमधल्या क्वांगचौ शहराच्या फांगत्सुनसारख्या घाऊक बाजारात, आणि तिथून ऑनलाइन माल मागवताना, चाखायला एक चकती आणि बांधून द्यायला दुसरी हा जुना खेळ आहे. चाखलेल्या चकतीचाच उरलेला भाग घ्या, नाहीतर समोर फोडलेल्या चकतीच्या कागदावर स्वतःची सही करा. प्लास्टिकमध्ये गच्च आवळलेला माल तिथल्या तिथे कापून हुंगू देत नसतील तर उठा. दूरवरून घेताना लेखी विचारा: कुठे साठवला, जवळ कापूर किंवा डांबरगोळ्या होत्या का, रासायनिक वास निघाला तर परत घ्याल का. तिसऱ्या प्रश्नाला गोल गोल उत्तर आलं तर पैसे पाठवू नका.

वास निघालाच तर पाकीट उघडतानाचं चित्रण, कागद, खोका आणि संभाषण जपून ठेवा. भारतात विकलेल्या आयात पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवाच. तो असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीला धरायला माणूस मिळतो. परदेशी विक्रेत्याला थेट पैसे पाठवले असतील तर कार्डाच्या बँकेकडे व्यवहार परत फिरवण्याची मागणी करणं एवढीच खरी आशा, आणि तिला मुदत असते.

असा चहा ‘दोनदा धुऊन’ पिऊ नका. जी-६-पीडी या वितंचकाची (एन्झाइमची) कमतरता असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. आपल्याला ही कमतरता आहे हे पुष्कळांना माहीतही नसतं. गोदामाच्या वासाचा चहा फोडून, बिनरोगणाच्या मातीच्या बरणीत सैल झाकणाखाली महिनाभर ठेवला तर सुधारतो. डांबरगोळीचा माल याने चहा म्हणून परत येत नाही. तो वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर शेजारच्या चांगल्या चकत्याही त्याच वासाच्या होतील. आणि चांगल्या चकत्या कपड्यांच्या कपाटात कधीच नकोत. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते आणि चहाला साठ-सत्तर टक्के पुरते. तेवढे महिने चकती हवाबंद डब्यात घालून आतच साधा आर्द्रतामापक ठेवा.